पूर्ण खेळून लिहिले आहे

आमच्या घरात एक माणूस असा आहे की त्याला खेळण्याचा पगार मिळतो. हे माझे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. वय पन्नाशीकडे झुकलेलं, डोक्यावर केस बेताचे, चष्मा जाड. सकाळी अंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतात आणि ते बटणांचं यंत्र हातात घेतात. नवीन माणसाला वाटतं, घरात कुणी आजारी आहे आणि त्याचं मन रमवायला हे आणून दिलंय. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मी रोज प्रार्थनेच्या शेवटी त्यांच्यासाठी नोकरी मागायचे. बऱ्याच दिवसांनी ह्यांनी सांगितलं, "अगं, हीच त्याची नोकरी आहे." देवाला मी किती दिवस चुकीचा अर्ज करत होते कोण जाणे.

एका साप्ताहिकात भावजींचं पान असतं. बाजारात नवीन व्हिडिओ गेम आला की तो खेळून बघायचा, चांगलं-वाईट लिहायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे. भावजींच्या हातून गुण सुटत नाहीत. खेळ कितीही चांगला असो, पावणेसातच्या पुढे गाडी जात नाही. त्यामुळे वाचकांनी त्यांचं नावच 'पावणेसात' ठेवलंय. कचेरीतही तेच. फोन आला की पलीकडून बिनदिक्कत विचारतात, "पावणेसात आहेत का घरी?" पहिल्यांदा मी घड्याळ बघून सांगितलं होतं की अजून साडेपाचच झालेत.

पण लोक त्यांना मानतात ते गुणांसाठी नाही. त्यांच्या प्रत्येक परीक्षणाखाली एक ओळ छापलेली असते : 'पूर्ण खेळून लिहिले आहे.' त्या ओळीचा इतिहास सांगते.

लेखक व्हायच्या आधी भावजी एका दुकानात कामाला होते. तिथे खेळांच्या डिस्का विकत मिळायच्या, भाड्यानेही मिळायच्या. गिऱ्हाइकांना निवडायला सोपं जावं म्हणून भावजी प्रत्येक डब्यावर एक छोटं कार्ड चिकटवायचे. 'सुरुवात कंटाळवाणी, धीर धरा', 'चित्रं सुंदर, गोष्ट बेतास बात', असं काहीबाही. एकदा एका खेळाचा पहिला भाग तेवढा खेळून त्यांनी लिहिलं, 'डोळे मिटून घ्या.' एका निवृत्त बसड्रायव्हरनी तो घेतला. आणि काही दिवसांनी डबा काउंटरवर परत आपटला. खेळ शेवटाच्या थोडं आधी अडकायचा. बनवणाऱ्यांचीच चूक होती, पुढे जाताच यायचं नाही. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "तू स्वतः शेवटच्या स्टॉपपर्यंत गेला होतास?"

भावजी म्हणाले, "नाही."

"मग तिकीट कशाचं फाडलंस?"

भावजींनी गल्ल्यातून पैसे काढून परत दिले. त्या दिवसापासून त्यांनी न संपवलेल्या खेळाबद्दल अक्षर लिहिलं नाही, आणि कार्डाच्या तळाशी ही ओळ घालायला सुरुवात केली. पुढे साप्ताहिकाच्या जुन्या संपादकांनी ती कार्डं वाचून त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा भावजींची अट एकच होती. पगार काय द्याल तो द्या, पण ही ओळ छापली पाहिजे.

आता मूळ गोष्टीकडे येते.

जपानमधल्या एका कंपनीचा मोठा खेळ येणार होता. त्याचं जपानी नाव माझ्या जिभेला वळत नाही; आम्ही घरात त्याला 'नावाड्याचा खेळ' म्हणायचो. कंपनीनं तो जगभरच्या परीक्षकांना आधी पाठवून दिला होता, मात्र ठरलेल्या शुक्रवारच्या आत कुणी एक शब्द छापायचा नाही. खेळ दुकानात येणार तोही शुक्रवारी, म्हणजे सगळ्यांचे पेपर एकदम उघडणार. याच कंपनीच्या मागच्या खेळाला जगानं नऊ-साडेनऊ दिले होते आणि भावजींनी त्यांचे नेहमीचे पावणेसात. त्यावर वाचकांनी इतका गोंधळ घातला की ह्या वेळी नव्या संपादकबाईंनी आदल्या अंकाच्या मुखपृष्ठावरच छापून टाकलं : 'पावणेसात ह्या वेळी काय म्हणणार?' बाई वयानं लहान आणि जिभेनं चटपटीत. भावजींना काका म्हणतात आणि हुकूमही सोडतात.

ह्या जातीच्या खेळात उड्याबिड्या मारायच्या नसतात. एक भलीमोठी गोष्ट असते, ती चालत चालत वाचायची. गावागावात थांबायचं, माणसांशी बोलायचं, सोबती जमवायचे, पडशीत औषधं भरून घ्यायची. मधून मधून राक्षस आडवे येतात, पण तेही शिस्तीचे. आधी तुम्ही मारा, मग मी मारतो, असं पाळीपाळीनं चालतं. आमच्या गल्लीतल्या नळावर एवढी शिस्त नाही.

ह्या खेळातली नदी आटलेली असते. एक तरुण नावाडी कोरड्या पात्रातून वर वर चालत उगमाकडे निघतो, नदी का थांबली ते शोधायला. निघताना पहिल्याच गावातली एक म्हातारी त्याला रिकामा घडा देते. म्हणते, "बाळा, उगमाचं पाणी भरून आण. मी थांबते." बस, एवढंच. तिला बोलणारीनं आवाज असा दिला होता की जपानी कळत नसूनही माझ्या हातातली इस्त्री थांबली. अर्थ खाली लिहून येत होता, तो भावजी मला वाचून दाखवायचे.

त्यानंतर मी इस्त्रीची पाटी रोज बाहेरच्या खोलीतच लावायला लागले. हे संध्याकाळी कामावरून आले की चपला काढता काढता विचारायचे, "नावाडी कुठवर आला?" हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. त्यांना गोष्टीशी देणंघेणं नाही, त्यांचं लक्ष पात्राकडे. "हा बांध चुकीच्या जागी घातलाय," असं म्हणून आत हातपाय धुवायला जायचे.

ज्या दुपारी खेळ संपला त्या दुपारी नेमकी मी घरी नव्हते. ह्यांचे डोळे तपासायला गेलो होतो. परत आलो तर टीव्ही बंद आणि भावजी टेबलाशी. ही त्यांची सवयच. खेळ संपला की शेवटी बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकायला लागतात. पहिलं नाव दिसलं रे दिसलं की भावजी टीव्ही बंद करून लिहायला बसतात. म्हणतात, डोकं गरम आहे तोवर उतरवलं पाहिजे. मी एकदा त्यांना टोकलंही होतं.

"भावजी, ज्यांनी एवढं केलं त्यांची नावं तरी बघावीत माणसानं."

"वहिनी, तीनशे जपान्यांची नावं वाचून काय करू? लग्नाची यादी आहे का?"

"मी तर प्रार्थनेच्या शेवटी सगळ्यांची नावं घेते. तुमचंसुद्धा. मध्येच उठले तर कुणाचं तरी राहील."

"मग माझं पहिल्यांदा घेत जा," म्हणाले आणि लिहायला लागले. विषय तिथेच संपला.

त्या दिवशी चहा नेऊन दिला आणि विचारलं, "काय झालं शेवटी?"

"उगमापाशी एक दगडी राजा बसलेला असतो, पाणी अडवून. त्याला हरवला. नदी सुटली. संपलं."

"आणि म्हातारीचा घडा?"

भावजींनी पेन खाली ठेवलं आणि हसले. त्यांना हवा तो प्रश्न मी विचारला होता. "तेच तर. घडा विसरलेत. ऐका." आणि त्यांनी वाचून दाखवलं : 'ज्या घड्यापासून ही कथा सुरू होते, तोच घडा कथाकार वाटेत विसरून येतात. इतका लांबचा प्रवास घडवून इतक्या घाईनं दार लावून घेणारा खेळ मी पाहिला नाही.' मग गुण. मग ती ओळ.

वाक्य छान होतं, पण माझ्या जिवाला चैन पडेना. म्हातारी तिथे थांबलेली आणि तिच्याकडे कुणी फिरकलंच नाही, हे काही पटेना. परीक्षण कचेरीत गेलं, दोन दिवस उलटले, तरी मी भाजी निवडतानाही तेच बोलत होते. शेवटी भावजी कंटाळले.

"वहिनी, तुम्हाला शेवट दाखवतो. तुमच्या डोळ्यांनी बघा, मग तरी सोडाल."

"दाखवा. मी मटार घेऊन बसते."

त्यांनी राजाच्या अलीकडची जागा राखून ठेवलेली होती, तिथून पुन्हा सुरू केलं. पुन्हा ती मारामारी. आधी तुम्ही, मग मी. ह्यांना सुट्टी होती, तेही पेपर घेऊन येऊन बसले. राजा एकदाचा कोसळला, कडा फुटला आणि पाणी असं काही उसळलं की मी मटाराची शेंग तशीच हातात धरून बसले. नावाडी गुडघ्यांवर बसून रडत होता.

हे म्हणाले, "एवढं पाणी एकदम सोडतात का कुठे? खालची गावं वाहून जातील."

"दादा, हा खेळ आहे."

"खेळ असला तरी पाणी पाणीच ना?"

मग पडदा काळा झाला, मंद संगीत सुरू झालं आणि नावं वर सरकायला लागली. भावजींनी बंद करायला हात पुढे केला.

मी म्हटलं, "असू दे. माझे मटार व्हायचेत. आणि नावं चालू असताना उठू नये."

"वहिनी, तीनशे..."

"असू देत तीनशे. तुम्ही दोनदा उठलात तर त्यांना काय वाटेल?"

"त्यांना जपानात कळणार आहे का?"

पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. संपादकबाई होत्या. भावजी फोन कानाला लावून खिडकीशी गेले, पाठ टीव्हीकडे. बाईंचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"काका, पान लावून झालं. काय वाक्य आहे हो ते घड्याचं. मी तेच मोठ्या अक्षरात घेतलंय, पानाच्या मधोमध."

"तुम्हाला पटलं ना?"

"मला पटून काय, मी कुठे खेळलेय? तुम्ही खेळलात. कथा अर्धवट सोडलीये म्हणता ना?"

"अगदी अर्धवट," भावजी म्हणाले. "शेवट असा नाहीच. नदी सुटते आणि ह्यांचं दुकान बंद."

इकडे पडद्यावर नावं संपली होती. संगीत थांबलं. काळ्या पडद्यावर नुसता पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता बंद होईल. तेवढ्यात पहाटेसारखा उजेड झाला आणि नावाडी दिसला. केस मोकळे, अंगावरचे कपडे भिजलेले. त्यानं पडशीतून घडा काढला, वाहत्या पाण्यात बुडवला, भरून घेतला आणि खाली, नदीच्या अंगानं चालायला लागला. कोपऱ्यात अक्षरं उमटली.

मी हाक मारली, "भावजी."

त्यांनी मागे हात करून थांबा म्हणून खूण केली. "काय आहे बाई, ह्या कंपनीला सुरुवाती जमतात..."

"भावजी, घडा."

"हो वहिनी, घडाच सांगतोय."

"अहो, तो भरतोय तिथे."

भावजी वळले. ती वळतानाची त्यांची मुद्रा मी विसरणार नाही. आधी वैताग, मग काहीच नाही, मग तोंडावरचा रंगच उतरला. फोनमधून बाई "काका? काका?" करत होत्या. भावजींनी "मागून करतो" म्हणून फोन ठेवला आणि पडद्याजवळ जाऊन ती अक्षरं वाचली.

"काय लिहिलंय?" ह्यांनी विचारलं.

"भाग दुसरा. परतीची वाट."

नावाडी खाली चालला होता. पुढे एक गाव आलं, येताना सगळ्यात शेवटी लागलं होतं तेच. निम्मं पाण्याखाली, आणि माणसं छपरांवर.

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "मी काय म्हणालो होतो?"

"दादा, आत्ता नको," भावजी म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं, पण प्यायचं विसरले. "वहिनी, म्हणजे हा खेळ इथून सुरू होतो. येताना बघितलेली सगळी गावं आता पुरात. त्यानंच सोडलेल्या पाण्यात. आणि मी लिहिलं, घाईनं दार लावलं. दार मी लावलं, वहिनी. माझ्या हातानं टीव्ही बंद केला."

"मग सांगा बाईंना, लिहिणं बदला."

"पान लागलंय. उद्या छपाई. आणि हे पुढचं संपवायला किती दिवस लागतील कोण जाणे. गेला तेवढा वेळ तर नक्की." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि खाली ती ओळ आहे."

ती ओळ. इतके दिवस मला ती नुसती एक छापील ओळ वाटायची. भावजींनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, नावावर सायकलसुद्धा नाही. जे काय आहे ते तेवढंच. उद्या ती ओळ खोटी छापली जाणार होती, आणि शुक्रवारी जो कोणी खेळ घेईल त्याला नावं संपल्या संपल्या ते कळणार होतं.

त्यांनी बाईंना फोन लावला. मी उठून जायला निघाले तर हातानंच बसा म्हणाले. फोन त्यांनी टेबलावर ठेवून मोठ्यानं लावला, बहुधा एकट्याला ऐकायचं नव्हतं.

सगळं ऐकून बाई आधी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस थट्टा करत नाहीये.

"काका, असं करू. ती खालची ओळ तेवढी काढते. बाकी राहू दे. ओळ नाही म्हणजे तुम्ही पूर्ण खेळल्याचा दावाच नाही. कोण बघतंय?"

भावजींनी चष्मा पुन्हा चढवला. मी मनात देवाचं नाव घेत होते. खरं सांगते, मलाही तो मार्ग सोपा वाटला. ओळ गेली की खोटंही गेलं.

"नको बाई," भावजी म्हणाले. "ओळ काढलीत तरी वाक्य राहतंच. मधोमध, मोठ्या अक्षरात. घडा विसरले म्हणून लिहिलंय मी. ते नाही विसरले. मी उठलो."

"मग पान कोरं सोडू? मुखपृष्ठावर जाहिरात केलीये मी तुमची."

"परीक्षण मागे घ्या. दुसरा मजकूर देतो. चहा व्हायच्या आत देतो."

"गुण?"

"गुण नाहीत."

"काका, गुणांशिवाय तुमचं पान म्हणजे... लोक शेवटचा आकडाच बघतात आधी."

"ह्या वेळी मजकूर बघतील. बिचारा तेवढाच आहे."

पलीकडे बाईंनी कुणाला तरी "थांबव रे ते पान" म्हटलेलं ऐकू आलं. मग त्या फोनवर आल्या. "द्या. पण लोक हसले तर माझ्याकडे यायचं नाही."

"हसू देत. हसण्यासारखंच आहे."

भावजींनी लिहिलं ते थोडंसंच. मी ते माझ्या वहीत उतरवून ठेवलंय, मला आवडलं म्हणून. 'ह्या खेळात नावं आली आणि मी उठलो. खेळ तिथे संपला नव्हता, निम्मा झाला होता. वहिनींना शेवट बघायचा होता म्हणून मला हे कळलं. मी जे पाहिलं ते चांगलं आहे; लढाया संथ आहेत, मधल्या खोऱ्यात फार चालवतात. बाकीचं पाहून लिहीन. तोवर गुण नाहीत. एकच सांगतो : नावं आली तरी बसून राहा.' आणि खाली, त्या ओळीच्या जागी, काहीच नाही.

शुक्रवारपर्यंत घरात कुणाचंच मन लागत नव्हतं. भावजी खेळत होते, पण शर्टाला इस्त्री नाही, दाढी वाढलेली. ह्यांनी एकदा धीर द्यायला म्हटलं, "अरे, खात्यात आमच्या एका साहेबानं पूर्ण वॉर्डाचा नळ उलटा जोडला होता. तो निवृत्त झाला व्यवस्थित." भावजी म्हणाले, "त्याच्या मुखपृष्ठावर जाहिरात नव्हती, दादा."

शुक्रवारी सकाळी मी प्रार्थनेला बसले. नावं घेऊन झाल्यावर उठले तर भावजी दारात फोन घेऊन उभे. मला वाटलं, झालं.

"वहिनी, दादाला उठवा."

"काय झालं?"

"मी एकटा नाही."

जगभरची परीक्षणं बाहेर आली होती. बऱ्याच जणांनी नऊ, साडेनऊ दिले होते. कुणी पुराच्या गावांवर पानंच्या पानं लिहिली होती, कुणी त्या म्हातारीच्या आवाजावर. पण त्यात थोडेथोडके नव्हे, चांगले नावाजलेले लोक असे होते की ज्यांनी लिहिलं होतं : सुंदर पण अपुरा, शेवट घाईचा. सगळे नावं आल्यावर उठलेले. घाई सगळ्यांनाच होती. शुक्रवार सगळ्यांचाच होता. वाचक त्यांना सोलून काढत होते.

त्यात एक आपल्याच भाषेतला होता. दुसऱ्या साप्ताहिकातला, ज्याला आमच्या घरी 'दहापैकी दहा' म्हणतात, कारण तो बिचारा कुणालाच नापास करत नाही. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मन घट्ट करून सहा दिले होते, अर्धवट कथेसाठी. नेमके इथेच.

हे पोट धरून हसले. भावजी नाही हसले. त्यांनी त्याला फोन लावला. आधी वाटलं त्याला, पावणेसात चिडवायला आलेत.

"अरे, मी पण तिथेच उठलो होतो," भावजी म्हणाले. "छापून आलंय माझ्याच पानावर, वाच. तू पण सांगून टाक. हसतील, पण लवकर थांबतील."

"तुम्हाला कळलं कसं?"

"मटारामुळे," भावजी म्हणाले, आणि मग मात्र हसले. किती दिवसांनी हसले ते. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी संपादकबाईंचा फोन आला. "काका, लोक हसतायत."

"म्हणालो होतो मी."

"पूर्ण ऐका. हसतायत आणि धन्यवादही देतायत. एक जण म्हणतो, तो नेहमी नावं आली की टीव्ही बंद करतो, ह्या वेळी तुमचं वाक्य आठवून बसून राहणार. आणि सगळे विचारतायत, वहिनी कोण?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "बरं झालं ते पान थांबवलंत. मी ओळ काढून छापलं असतं, तर आज माझं काही खरं नव्हतं."

"तुम्ही थांबवलंत बाई. मी नुसतं सांगितलं."

पुढचे दिवस मजेत गेले. मी इस्त्री पुन्हा बाहेर नेली. नावाडी गावागावातून खाली उतरत होता, छपरांवरची माणसं होडीत घेत होता. येताना ज्यांच्याशी चार शब्द बोलला होता ती आता त्याला शिव्या घालत होती, आणि तो ऐकून घेत होता. हे कामावरून आले की चपलाही न काढता उभं राहून बघायचे. "आता बरोबर, बांधाच्या दारातून थोडं थोडं सोडतोय पाणी," म्हणायचे. स्वतःच्या खात्याचं काहीतरी पडद्यावर बघितल्याचा आनंद त्यांना पहिल्यांदाच झाला असेल.

शेवटी ते पहिलं गाव आलं. म्हातारीचं घर उंचवट्यावर होतं म्हणून वाचलेलं. ती पायरीवर बसलेली. नावाड्यानं घडा पुढे केला. तिनं आत बघितलं, हसली आणि घडाभर पाणी दारातल्या वाळलेल्या झाडाला ओतलं. प्यायली नाही. भावजींनी खालची अक्षरं वाचली : "मला तहान नव्हती बाळा. तुला परत यायला काहीतरी कारण हवं होतं."

मी डोळे पुसले. ह्यांनी नाक ओढलं आणि सर्दीचं म्हणाले.

पुन्हा काळा पडदा. पुन्हा नावं. ह्या वेळी कुणाचा हात हलला नाही. आम्ही तिघं शेवटच्या नावापर्यंत बसलो, आणि नावं संपल्यावरही बसलो, आणि पडदा आपोआप पहिल्या पानावर आला तरी आणखी थोडं बसलो. कुणी सांगावं ह्या जपान्यांचं.

भावजी टेबलाशी गेले. लढाया संथ आहेत हे त्यांनी ठेवलं. मधलं खोरंही ठेवलं. नावं दोनदा दाखवणं म्हणजे परीक्षकांची खोड मोडणं आहे, असंही लिहिलं आणि ते खेळाच्या बाजूनं धरलं. मग आकडा लिहिला. हे मागून वाकून बघत होते.

"सव्वाआठ?" हे म्हणाले. "अरे, तुला ताप आहे का?"

"मध्ये येऊ नको, दादा. आता लोक मला काय म्हणतील त्याची काळजी आहे."

पेन ओळीवर आलं आणि थांबलं. भावजींनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, काही राहिलं का?"

मी नीट विचार केला. पुरातली गावं आठवली, होडी आठवली, ती पायरी आठवली. "त्या झाडाला पाणी मिळालं," मी म्हटलं. "आता काही राहिलं नाही."

मग त्यांनी ती ओळ लिहिली. सावकाश, गिरवल्यासारखी. 'पूर्ण खेळून लिहिले आहे.'

त्या संध्याकाळी प्रार्थना जरा लांबली. घरातल्यांची, शेजारच्यांची, संपादकबाईंची, त्या दहापैकी दहाची आणि त्या बसड्रायव्हरांची नावं घेऊन झाली. ड्रायव्हरसाहेबांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्यामुळेच आमच्या घरात ती ओळ आहे. शेवटी, पडद्यावरून सरकून गेलेले ते तीनशेजण. त्यांची नावं मला वाचता आली नाहीत. ती देवाला येत असतील, असं म्हणून मी हात जोडले. तेवढ्यात बाहेरून भावजींनी विचारलं, "वहिनी, माझं झालं का?"

"तुमचं पहिल्यांदाच झालं," मी म्हटलं. "पण मी अजून उठलेली नाही."